आरेच्या चढावर टेम्पो तापला तेव्हा

माझे बाबा बोटीवर होते तोवर मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून? ते खोल समुद्रात आणि मी वर्सोव्याच्या शाळेत. पण परत आल्यावर ते वादळाच्या गोष्टी अशा सांगायचे, जसं काही वादळ म्हणजे वाटेत भेटलेला एखादा भांडखोर शेजारी. पुढे गुडघे गेले, बोटीतला वाटा त्यांनी भावाला दिला आणि एक जुना पिकअप टेम्पो घेतला. आई तोवर टोपली घेऊन मासळी विकत होती. मग दोघं मिळून अंधेरी, बोरिवली, मुलुंड अशी लग्नाकार्याची आणि हॉटेलांची मासळी पोचवायला लागले. बाबा चालवायचे, आई शेजारी बसून फोन घ्यायची आणि भांडायची. धंदा बरा चालला होता.

टेम्पो मात्र आमच्या डोळ्यांसमोर म्हातारा होत होता. तो बंदराजवळ उघड्यावर उभा असायचा. एका बाजूने खारं वारं आणि डोक्यावर ऊन. चाकांवरचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. समोरच्या प्लास्टिकला इतक्या भेगा पडल्या होत्या की आईने तिथे ठेवलेली देवीची तसबीर त्यातल्याच एका भेगेत उभी राहायची. वायपरचं रबर एका उन्हाळ्यात विरघळून काचेला चिकटलं. मे महिन्यात दुपारी स्टिअरिंगला हात लावायचा तर बाबा आधी त्यावर ओलं फडकं टाकायचे. इंजिनाची गर्मी दाखवणारा काटा होता, पण बाबांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

"तो काटा खोटा हाय," ते म्हणायचे. "नुसता नाचतं."

त्या शनिवारी आई तापाने अंथरुणावर होती आणि मला ऑफिसला सुट्टी, म्हणून तिच्या जागी मी बसले. मुलुंडला एका घरी संध्याकाळी हळद होती. कोळंबी, सुरमई, पापलेट, सगळं आमच्याकडून जाणार होतं. बोट उशिरा लागली, बर्फाच्या कारखान्यावर रांग होती, आणि निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मागे प्लास्टिकच्या पेट्या, त्यात बर्फ आणि मासळी, वर ओली गोणपाटं आणि त्यावर ताडपत्री.

अंधेरीतून हायवेवर येईपर्यंत ठीक चाललं होतं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागलो आणि गाड्या थांबल्या. पुढे कुठे तरी रस्ता खोदला होता. आम्ही पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या चालीने चढत होतो. चालत्या गाडीला निदान समोरून वारा तरी लागतो. इथे वारा नव्हता, आणि आजूबाजूच्या प्रत्येक गाडीचा एसी आपल्या पोटातली गर्मी बाहेर टाकत होता. माझ्या चपलेच्या तळव्यातून टेम्पोचा पत्रा भाजायला लागला. काटा वर चढला होता आणि नाचत नव्हता. लाल पट्ट्यावर चिकटून बसला होता.

"बाबा, काटा बघ."

"खोटा हाय सांगितला ना तुला."

"नाचत नाहीये पण तो."

त्यांनी एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावली. मला एक विचित्र वास येत होता, मासळी शिजत असल्यासारखा. मला वाटलं, मागे बर्फ संपला की काय. मी मान वळवून ताडपत्रीकडे बघत होते तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. बाबांनी टेम्पो डावीकडे घेतला. आरेकडे वळणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे, झाडांच्या सावलीत, इंजिन एकदा ठसकलं आणि बंद पडलं. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला.

बाबा उतरले. मीही उतरले. त्यांनी बॉनेट वर केलं तेव्हा आतून जी झळ आली, तिने मी दोन पावलं मागे सरले.

"पानी संपलं असंल," ते म्हणाले. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी हाताला गुंडाळलं.

"बाबा, थांब. थोडं थंड होऊ दे."

"बर्फ वितळतंय मागे. कधी थंड व्हायचा?"

ते रेडिएटरच्या झाकणावर वाकले. मी काय पाहिलं ते मला अजून नीट क्रमाने लावता येत नाही. मी "बाबा!" असं ओरडले एवढं आठवतं, आणि ते माझ्याकडे मान वळवत होते. त्याच वेळी झाकण सुटलं. फुस्स नाही, धाडकन आवाज झाला. पाण्याचा पांढरा खांब उभा राहिला, बॉनेटवर आपटला आणि खाली बाबांच्या अंगावर कोसळला. शर्टाची वरची बटणं त्यांनी उकाड्याने उघडी ठेवली होती. उजवा हात, खांदा, छाती, गळ्याची एक बाजू. तोंड तेवढं वाचलं.

बोटीवरून दुसऱ्या बोटीला हाक मारायचा बाबांचा आवाज मला माहीत होता. तसलाच आवाज निघाला, पण त्यात शब्द नव्हते. ते रस्त्यावर बसले. मी शर्ट ओढायला गेले तर त्यांच्या दंडावरची कातडी माझ्या बोटांखाली सरकली. मी हात काढून घेतला आणि तिथेच खिळून उभी राहिले. माझं डोकं रिकामं झालं होतं. त्या रिकाम्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हे पाणी आहे. साधं पाणी. आपण रोज चहाला उकळतो ते.

मग मला बर्फ आठवला. मी मागे धावले, ताडपत्री उचकटली आणि कोळंबीच्या पेटीतला ओंजळभर बर्फ घेऊन आले. तेवढ्यात कुणी तरी माझं मनगट धरलं. झाडाखाली करवंदं आणि फणसाचे गरे विकत बसलेली एक बाई होती, आरेतल्या पाड्यावरची. तिच्या दुसऱ्या हातात पिण्याच्या पाण्याचा कॅन होता.

"बर्फ नको लावू! आणि ते मासळीचं तर नकोच. हे ओत."

मी ओतू शकले नाही. तिनेच बाबांना बसल्या जागी झाडाला टेकवलं आणि हळूहळू धार सोडत राहिली. कॅन रिकामा झाला तशी तिने थांबलेल्या गाड्यांच्या काचा ठोकायला सुरुवात केली. "पानी दो! आदमी जल गया है!" काचा खाली येत गेल्या. आतून थंडगार हवेबरोबर पाण्याच्या बाटल्या बाहेर आल्या. एक कॉलेजची मुलगी उतरली आणि तिने आपली ओढणी ओली करून बाबांच्या खांद्यावर अलगद पसरली. आतापर्यंत हॉर्न वाजवणारा माणूसही बाटली घेऊन आला.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो त्यानंतर. बाबा कुडकुडायला लागले. सगळं शहर भट्टीसारखं तापलं होतं, झाडाचं पानही हलत नव्हतं, आणि माझ्या बाबांचे दात थंडी वाजल्यासारखे एकमेकांवर आपटत होते. त्यांचे ओठ पांढरे पडले. मी त्यांना मिठी मारायला गेले, पण मिठी मारायची कुठे, तेच कळेना.

एका रिक्षावाल्याने रिक्षा उलट्या बाजूने वर आणली. बसता बसता मी आईला फोन लावला.

"आये, बाबा भाजला. टेम्पो तापला, गरम पाणी अंगावर उडालं. मी जोगेश्वरीच्या इस्पितळात नेते."

मग तिने विचारलं, "डोलं?"

"डोळे ठीक आहेत."

"गारी कुठं हाय?"

"आरेच्या वळणावर. आये, तू इकडे ये."

तिने फोन ठेवून दिला.

रिक्षात बाबा एकच वाक्य बोलले. "बर्फ किती उरलाय?" मी रडायला लागले तसे ते डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर थोपटत राहिले.

इस्पितळात त्यांना आत नेलं. मी बाकावर बसून आईला फोन करत राहिले आणि ती उचलत नव्हती. ताप चढला असेल, वाटेत चक्कर आली असेल, असं एकेक मनात येऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की बरंचसं वरवरचं आहे, खांदा आणि दंड खोल भाजलाय, आणि लगेच भरपूर पाणी ओतलं ते फार बरं केलं. पण त्यांना ठेवून घ्यावं लागेल. मी मान डोलावत होते आणि दाराकडे बघत होते.

दारातून आली ती आमची शेजारची काकी. हातात पिशवी, पिशवीत बाबांची लुंगी आणि टॉवेल.

"आई कुठाय?"

काकीने नजर चुकवली. "ती गारीवर गेली."

"कुठे?"

"गारीवर. मना बोलली, तू हितं बस, मी म्हावरा बघते."

मला आधी ते कळलंच नाही. मग कळलं आणि माझी कानशिलं तापली. नवरा इथे भाजून पडलाय आणि बाई मासळी बघायला गेली? काकीला बाबांपाशी बसवून मी तशीच निघाले. रिक्षात मी आईला काय काय बोलायचं ते जुळवत होते. एवढं वाईट मी तिला आयुष्यात कधी बोलले नव्हते आणि त्या दिवशी बोलणार होते.

आरेच्या वळणावर पोचले तर टेम्पोभोवती गर्दी. मला वाटलं, लोक पेट्या पळवतायत. गर्दीत घुसले, तर मधोमध आई. उलट्या पेटीवर बसलेली, लुगड्याचा काष्टा घट्ट, पुढ्यात लाकडाचा ओंडका आणि हातात कोयती. सुरमईचे तुकडे पडत होते. करवंदवाली बाई शेजारी उभी राहून पिशव्या भरत होती आणि ओरडत होती, "ताजी सुरमई! वर्सोव्याची! बर्फातली!" अडकून पडलेल्या गाड्यांतले लोक उतरून रांगेत आले होते. एसीच्या गाडीतली एक बाई पापलेटाचे कल्ले उघडून बघत होती आणि आई तिला म्हणत होती, "बघ, बघ, लाल हाय ना? मग."

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. जुळवलेलं सगळं विसरले.

"बाबा तिकडे भाजून पडलाय, आणि तू मासळी विकतेस?"

आईने कोयती खाली ठेवली नाही.

"तुज्या बापाजवल डाक्टर हाय," ती म्हणाली. "म्हाव्ऱ्याजवल कोन हाय?"

"आणि मुलुंडची हळद?"

"घाटकोपरच्या बाजारातल्या बाईला फोन केला. तिचा म्हावरा पोचला मुलुंडला. लोकांच्या घरात हलद हाय, ती उपाशी ठेवायची काय?" मग त्या पापलेटवाल्या बाईकडे वळून, "तू घेतेस का नाय?"

मी तिचा हात धरला. ओरडायलाच धरला होता. तो हात इतका गरम होता की मी दचकले. अंगात ताप फणफणत होता. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत रागबीग काही नव्हतं.

"तिकडे आले असते तर त्याला बघून पडले असते," ती अगदी हळू म्हणाली, मला एकटीला ऐकू येईल अशी. "थोडा वेल दे मना. एवढं संपू दे."

मी पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि कोळंबीच्या पेटीमागे बसले. मासळी विकायला मी लहानपणानंतर कधी बसले नव्हते. उन्हं कलायच्या आत पेट्या रिकाम्या झाल्या. शेवटचा वाटा आईने करवंदवालीच्या टोपलीत घातला. ती नको नको म्हणाली, तर आईने तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा अजून उजेड होता. बाबा डाव्या कुशीवर होते, गळ्यापासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्या. आई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. हाताला मासळीचा वास होता म्हणून तिने त्यांना हात लावला नाही, हात मागे बांधून ठेवले.

"म्हावरा?" बाबांनी विचारलं.

"इकला."

"सगला?"

"सगला."

बाबांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते गळ्यावरच्या पट्टीकडे ओघळायला लागलं तसा आईने चटकन पदर पुढे केला आणि ते टिपलं. हात मागे ठेवायचं ती विसरली. मी बाबांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

टेम्पो जोगेश्वरीच्या एका गॅरेजमध्ये ओढून नेला होता. काही दिवसांनी बाबा घरी आले आणि मी गॅरेजवर गेले. गॅरेजवाल्याने रेडिएटरच्या तळाचा नळ सोडला. आतून आलं ते पाणी नव्हतं, तपकिरी रंगाचा गाळ होता. आणि वास सुटला. तोच, मासळी शिजल्याचा. त्याने नाक धरलं. तळहातावर काही तरी घेऊन ते उजेडात धरलं, आणि मग माझ्यापुढे केलं. माशाचं खवलं होतं.

"ताई, यात मासे पाळले होते काय?"

रेडिएटर त्याने काढून खाली ठेवला आणि जाळीला बोट लावलं. जाळी बिस्किटासारखी तुटून खाली पडली. आतल्या बारीक नळ्यांत पांढरे खडे बसले होते. मी ओरडलेच. इतके दिवस आम्ही या कुजलेल्या जाळीच्या भरवशावर बोरिवली, मुलुंड करत होतो. तो म्हणाला, की उन्हाळ्यात असल्या गाड्या रोज येतात, कुणी कूलंट घालत नाही, कुणी नळाचं पाणी भरतो. पण मिठाने खाल्लेली गाडी त्याने पहिल्यांदाच बघितली होती.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. मी जाळीचा तुकडा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, रेडिएटरमध्ये कुठलं पाणी घालायचास तू?"

"पेटीतला," ते सहज म्हणाले. "बर्फाचा. थंड असतं ना, म्हनून. ऊन वाढला की रोज टाकायचा."

"अरे, मासळीचं ते पाणी, समुद्राचं मीठ असतं त्यात."

"मग? बोटीचा इंजिन जन्मभर खारा पानी प्यायला. कधी तापला नाय."

गॅरेजमध्ये मी हेच विचारलं होतं, म्हणून मला सांगता आलं. बोटीवर समुद्राचं पाणी एका बाजूने आत येतं, इंजिन गार करतं आणि दुसऱ्या बाजूने परत समुद्रात पडतं. दर क्षणाला नवं पाणी. गाडीत तेच तेच पाणी फिरत राहतं. उन्हात वाफ होऊन पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. आपण वरून आणखी खारं ओततो, आणखी मीठ बसतं. नळ्या बुजतात, पाणी फिरायचं थांबतं, आत उकळत राहतं.

बाबा ऐकत होते. त्यांनी तुकडा डाव्या हातात घेतला, अंगठ्याने दाबला, आणि तो चुरा होऊन त्यांच्या लुंगीवर पडला. त्यांचं तोंड जरासं उघडं राहिलं. आगीसारखं पाणी अंगावर पडलं तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं.

"म्हंजे मी त्याला गार करत होतो..." ते म्हणाले आणि लुंगीवरचा चुरा बोटाने गोळा करायला लागले.

आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ती बाहेर येईल आणि बोलेल, कारण बोलायची संधी ती सहसा सोडत नाही. ती आली ती ताट घेऊन. बाबांच्या उजव्या बाजूला बसली, भाकरी मोडून कालवणात बुडवली आणि घास त्यांच्या तोंडापुढे धरला. त्या दिवशी घरात त्या विषयावर एवढंच झालं.

टेम्पोत नवीन रेडिएटर आला, नवीन पाइप, नवीन पट्टा आणि हिरवं कूलंट. काटाही नवीन लावून घेतला. बाबा परत चालवायला लागले, पण उन्हात नाही. दुपारची ऑर्डर आली की आई फोनवर सांगते, पहाटे पोचतं करू, पटत असेल तर बघा. खांद्यावरची कातडी आता गुळगुळीत आणि फिकट आहे. तिला ऊन सोसत नाही, म्हणून बाबा लांब बाह्यांचे शर्ट घालतात. बोटीवर उघड्या अंगाने वावरलेला माणूस.

कोळीवाड्यात कुणी विचारलं तर ते म्हणतात, अंगावर चहा सांडला. आम्ही कुणी कधी त्यांना खोटं पाडलं नाही. गेल्या गणपतीत आत्याने मला कोपऱ्यात घेतलं आणि गळ्यावरच्या डागाकडे डोळ्याने खुणावत विचारलं, "खरा सांग, चहाच होता?"

मी काही बोलायच्या आत मोदकांची परात घेऊन जाणारी आई मागे वळली.

"चहाच होता," ती म्हणाली. "मीच जास्त उकलला."